दमाचे माप

आमच्या कृष्णाकाठी माणसाची किंमत फार पूर्वीपासून त्याच्या दमावर होत आली आहे. भाषाच त्याची साक्ष देईल. घाई करणाऱ्याला आपण दम धरायला सांगतो, थकलेल्याला दम खायला सांगतो, पोरांना दम भरतो, चांगल्या गाण्याला दमदार म्हणतो आणि मार खाल्ला तर तो बेदम खातो. सांगलीच्या तालमीतून पहिलवान घुमू लागला की जाणती माणसे त्याच्या दंडाकडे थोडा वेळ पाहतात, मग विचारतात, "दम किती?" या प्रश्नाचे उत्तर आजवर संख्येतच दिले गेले: इतके जोर, इतक्या बैठका. संख्या श्रमाची होती. तो श्रम करताना आत छातीत काय चालले होते, किती हवा लागली आणि किती कामी आली, हे कोणी मोजीत नव्हते. मोजता येते हेही फार थोड्यांना ठाऊक होते.

या विषयाकडे मी विद्वत्तेच्या वाटेने आलो नाही, पोटाच्या वाटेने आलो. वयाची साठी उलटल्यावर डॉक्टरांनी कमरेला फीत लावली आणि ती नव्वदच्या बरीच पुढे गेली. रक्तदाब होताच; उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी हीही रांगेत येऊन उभी राहिली. "याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात," डॉक्टर म्हणाले, "आणि आता तुमचा दम मोजून आणा." त्यासाठी पुण्याला गेलो. तोंडावर मुखवटा, छातीवर तारा, पायांखाली सरकता पट्टा. दर थोड्या वेळाने पट्टा वेग घेई आणि चढही घेई. काही मिनिटांनी पोटऱ्या भरल्या, मनात नको ते विचार आले आणि मी हात वर करून "बस्स" म्हणालो. कागदावर आकडा उमटला: 23. तो पाहून डॉक्टर जे म्हणाले त्यातून हा लेख निघाला. ते म्हणाले, "हा आकडा तुमच्या छातीचा आहे की तुमच्या भीतीचा, हे मला यावरून सांगता येत नाही."

म्हणजे इतकी यंत्रे लावूनही शेवटी प्रश्न माझ्या "बस्स"वर येऊन थांबला होता. हे असे का, याचा शोध घेताना मला आधी आमच्याच मुलखातल्या एका राजाची आठवण झाली.

खटाव तालुक्यातले औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. परंतु त्या संस्थानाचे तुकडे चहूकडे विखुरलेले होते. कुंडल, आटपाडी हे आजच्या सांगली जिल्ह्यातले भाग औंधचे, आणि 1910 साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडीही औंधच्याच मुलखातली. (1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे इकडच्या जुन्या इतिहासात सातारा आणि सांगली यांची वाटणी करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.) या संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 चा, निधन 1951 चे. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेच्या मागे लागणारा आणि 1939 साली आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारा हा राजा स्वतःच्या शरीराकडेही एखाद्या प्रयोगासारखे पाही. आधी सुमारे दहा वर्षे त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. त्यानंतर, 1908 च्या सुमारास, मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते नियमाने सूर्यनमस्कार घालू लागले. गंगाधररावांनाही बाळासाहेबच म्हणत, तेव्हा एका बाळासाहेबांनी दुसऱ्या बाळासाहेबांना दिलेला हा प्रसाद मिरजेहून औंधास गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

राजेसाहेबांनी त्यानंतर नमस्कारांचा ध्यासच घेतला. पुस्तके लिहिली, प्रात्यक्षिके केली, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. लुईझ मॉर्गन या बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक 1938 साली विलायतेत निघाले आणि तिकडच्या गृहिणी दिवाणखान्यात नमस्कार घालू लागल्या. पाश्चात्त्य योगवर्गांतून आज जी नमस्कारांची मालिका दिसते तिचा एक पाय औंधच्या मातीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. परंतु राजेसाहेबांचेही माप तालमीतलेच होते. कोणत्या वयाच्या माणसाने किती नमस्कार घालावेत, याचा हिशेब ते संख्येत देत. राजाने घातलेला एक नमस्कार आणि पोट सुटलेल्या कारकुनाने घातलेला एक नमस्कार, दोन्ही त्या वहीत एकच.

हवेचा हिशेब मांडू पाहणारा माणूस घाटाच्या वर लोणावळ्याला बसला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. नौली करताना आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो हे त्यांनी नळ्या आणि दाबमापक लावून दाखविले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. श्वासातल्या वायूंचेही त्यांनी पृथक्करण केले. प्राणायामाने फुप्फुसात प्राणवायूचे भांडारच भरते, ही भाबडी समजूत त्यांनी उचलून धरली नाही. प्राणायामाचे मोल जास्तीच्या प्राणवायूत नाही असे त्यांचे म्हणणे होते. भगवी वस्त्रे घालून हे सांगावयास धैर्य लागते. त्यांच्याकडे शिकून गेलेले कोवूर बेहनन यांनी येल विद्यापीठात प्राणायामाच्या वेळचा प्राणवायूचा खर्च मोजला आणि 1937 साली ग्रंथरूपाने मांडला. पण लोणावळ्याचे हे सारे काम बसल्या जागच्या श्वासाचे. धावणाऱ्याचा, चढणाऱ्याचा, धापा टाकणाऱ्याचा दम कुठे संपतो, हा प्रश्न दुसरीकडे सुटत होता.

त्याची सुरुवात थेट लाव्हाझियेपर्यंत जाते. श्रम करणारा माणूस जास्त प्राणवायू घेतो हे त्याने आपला सहकारी सेगँ याच्यावर प्रयोग करून 1789 च्या सुमारास दाखविले. 1794 साली पॅरिसात त्याचे मस्तक उडविले गेले. आपल्याकडे त्याच साली महादजी शिंदे वानवडीस वारले. त्यानंतर शतकभराने हे काम पुन्हा जोमाने सुरू झाले. 1911 साली क्लॉड डग्लस याने एक मोठी, हवा बाहेर जाऊ न देणारी पिशवी तयार केली. माणसाने नाकाला चिमटा लावावा, तोंडाने श्वास घ्यावा आणि सोडलेली सगळी हवा त्या पिशवीत जमा व्हावी. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे 21 भाग असतो. पिशवीतल्या हवेत तो किती उरला हे पाहिले की वजाबाकी सोपी. मिनिटाला शंभर लिटर हवा बाहेर आली आणि तीत शेकडा चार भाग प्राणवायू कमी भरला, तर शरीराने त्या मिनिटात चार लिटर प्राणवायू वापरला.

ही पिशवी पाठीवर बांधून धावणारा माणूस म्हणजे आर्चिबाल्ड हिल. वय पस्तिशीचे, व्यायामाचा शौक, जागा मँचेस्टर. सुमारे 85 मीटर घेराच्या गवती वाटेवर तो फेऱ्यांमागून फेऱ्या घेई आणि त्याचे सहकारी पिशवीतली हवा तपाशीत. ताशी सुमारे सोळा किलोमीटर वेगाने धावताना त्याचा खर्च मिनिटाला चार लिटरांवर गेला. हिल आणि लप्टन यांनी 1923 साली जो निबंध छापला त्याचा गाभा असा की, वेग वाढवीत नेला तर प्राणवायूचा खर्चही वाढतो. पण एक वेळ अशी येते की वेग वाढला तरी खर्च वाढत नाही. हृदय आणि फुप्फुसे आपल्या छताला टेकलेली असतात. त्या छताला पुढे 'व्हीओटू मॅक्स' हे नाव पडले. मराठीत महत्तम प्राणवायूग्रहण म्हणता येईल, परंतु तालमीतला 'दम' हा शब्द मला त्याहून जवळचा वाटतो. निवांत बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू घेतो. धडधाकट तरुण चाळीसपर्यंत जातो. बर्फावर घसरपट्ट्या लावून मैलोगणती धावणारे नॉर्वे-स्वीडनचे खेळाडू ऐंशीच्याही वर गेलेले आहेत. माझे तेवीस या शिडीवर कोठे बसतात ते वाचकांनी ताडावे.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. हिलचा निबंध निघाला त्याच 1923 साली एस्किल कायलिन या स्वीडनच्या वैद्याने असे लिहिले की, रक्तदाब, रक्तातली वाढलेली साखर आणि युरिक आम्ल ही तिन्ही पुष्कळदा एकाच माणसात एकत्र नांदताना दिसतात. एकाच वर्षी एकाने दमाचे छत पाहिले आणि दुसऱ्याने ते छत खाली आणणाऱ्या आजाराचे पहिले रेखाटन केले. दोघांच्या वाटा मात्र पुष्कळ वर्षे मिळाल्या नाहीत. 1947 साली मार्सेच्या जाँ वाग याने दाखविले की चरबी अंगावर किती आहे याइतकेच ती कोठे आहे हे महत्त्वाचे, पोटावरची वाईट. 1988 साली अमेरिकेत जेराल्ड रीव्हन याने या मेळ्याच्या मुळाशी इन्शुलिनचा अंमल न चालणे आहे असे प्रतिपादन केले. आज नियम असा: कंबर, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स 150 च्या वर, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत चाळीसच्या आणि बायकांत पन्नासच्या खाली, रक्तदाब 130/85 च्या वर, उपाशीपोटी साखर शंभरावर, या पाचांपैकी तीन जमली की सिंड्रोम झाला. कंबरेची रेघ आपल्या लोकांसाठी खाली ओढलेली आहे, पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80.

ती खाली का, याचे उत्तर समजण्यास पुण्याच्या एका छायाचित्राची मोठी मदत होते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची शेकडा 9.1 आणि याज्ञिकांची 21.2. साहेब लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. आपले डॉक्टर आपल्यासारखेच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून चाललेल्या पाहणीत याज्ञिकांना हेच चित्र नवजात अर्भकांतही दिसले: वजन कमी, पण त्या मानाने चरबी फारशी कमी नाही. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक नसतो. दम मोजताना ही गोष्ट कशी नडते ते पुढे येईल.

मोजण्याची रीत दरम्यान पक्की होत होती. 1955 साली मिनेसोटात हेन्री टेलर आणि सहकाऱ्यांनी नियम घातला की, पट्ट्याचा चढ वाढवूनही प्राणवायूचा खर्च मिनिटाला 150 मिलिलिटरहून कमी वाढला, तर छत लागले असे समजावे. त्यांच्या बहुतेक माणसांत ते लागले. पण ती माणसे कोण? निरोगी, तरुण पुरुष. हिल तर स्वतःवरच प्रयोग करीत होता. या सगळ्या शास्त्राच्या पायाशी असे लोक आहेत की ज्यांना छताला डोके आपटेपर्यंत धावणे ठाऊक होते, आणि बहुधा आवडतही होते. (केपटाउनच्या टिमोथी नोक्सने पुढे अशी शंका काढली की, हिलच्या स्वतःच्या आकड्यांतही ते छत नीट दिसत नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही.)

आजारी माणसाच्या दमाची चौकशी उशिरा सुरू झाली, आणि झाली तेव्हा असे दिसले की खरी गरज तेथेच आहे. 1953 साली जेरी मॉरिसने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतले नोकर तपासले. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. आमच्या एस.टी.च्या कंडक्टरला तो जिना नसतो, पण गर्दीतून तिकिटे फाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणे काही कमी नव्हे. 1989 साली डॅलसच्या स्टीव्हन ब्लेअरने 13,344 स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली: दम कमी तेथे मृत्यू जास्त. 2002 साली जॉनथन मायर्सने 6,213 पुरुषांवरून हिशेब मांडला की, बसल्या माणसाच्या खर्चाइतका, म्हणजे साडेतीनचा, एक टप्पा वाढला की जगण्याची शक्यता शेकडा 12 ने सुधारते. साडेतीन! ज्याचा आकडा साठ आहे त्याला हा फरक कळणारही नाही. ज्याचा तेवीस आहे त्याचे आयुष्य त्यावर तोलले जाते.

आणि नेमके त्याचेच माप चुकते. अशा माणसाला वर्षानुवर्षे धाप लागू द्यायचीच नाही अशी सवय झालेली असते; धाप लागली की हे हृदयाचे तर नसेल, ही भीती. छत लागण्याच्या आधीच पाय भरतात, गुडघे बोलतात, हात वर जातो. मग परीक्षक आडवाटेने पाहतो: नाडी अपेक्षित टोकाला गेली का? ती अपेक्षा 220 मधून वय वजा करून काढतात. हे सूत्र 1971 च्या सुमारास जुनी आकडेवारी नजरेखालून घालून अंदाजाने बसविलेले. दोन समवयस्क माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर नाडी वर जाणारच नाही. ती न जावी म्हणूनच गोळी दिलेली असते. नाडीवरून दम अंदाजणाऱ्या सगळ्या स्वस्त रीती येथे कोलमडतात.

दुसरी अडचण भागाकाराची. दोन माणसे घ्या. उदाहरण माझे, हिशेबापुरते. दोघेही मिनिटाला जास्तीत जास्त 2,400 मिलिलिटर प्राणवायू घेतात. एकाचे वजन 60 किलो, त्याचा आकडा 40. दुसऱ्याचे 96, त्याचा 25. हृदयाने दोघांचेही काम सारखेच केले आहे; दुसऱ्याच्या वाट्याला चरबीचा भागाकार आला, आणि चरबी स्वतः प्राणवायू अगदी थोडा घेते. म्हणून काही जण चरबी वजा करून उरलेल्या वजनाने भागावे असे म्हणतात, ते योग्यच. पण मग पंचवीस खोटे का? तेही नव्हे. गणपती मंदिराच्या पायऱ्या चढताना ते 96 किलो त्यालाच वर न्यावे लागतात. उलट याज्ञिकांच्या चित्रातला बारीक माणूस वजनाने भागल्यावर बरा दिसतो आणि स्नायूंचा हिशेब लावला की उघडा पडतो. एकच आकडा दोन प्रश्नांना दोन उत्तरे देतो, आणि विचारणाऱ्याने आपला प्रश्न कोणता ते आधी ठरविलेले नसते.

हा घोळ केवळ तात्त्विक नाही. 2008 साली नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइम येथील अभ्यासकांनी या सिंड्रोमच्या 32 रुग्णांना सोळा आठवडे व्यायाम दिला. चार-चार मिनिटे जोराने आणि मध्ये उसंत, असा व्यायाम करणाऱ्यांचा दम शेकडा 35 ने वाढला; एकाच मंद चालीने करणाऱ्यांचा 16 ने. निष्कर्ष मोलाचा आहे आणि औषधाला न साधणारे व्यायामाने साधते हे त्यातून दिसते. पण असल्या प्रत्येक प्रयोगापुढे एक शंका उभी राहते. पहिल्या दिवशी भिऊन लवकर थांबलेला माणूस सोळा आठवड्यांनी यंत्राला सरावलेला असतो. दुसऱ्या खेपेचा आकडा वाढला, तो हृदयाने वाढविला की धिटाईने?

यावर अलीकडे जी तोड निघाली ती आमच्या तालमीतल्या वस्तादांना ऐकूनच पटली असती. माणूस "बस्स" म्हणाला की त्याला थोडा वेळ दम खाऊ द्यायचा. मग पहिल्या खेपेला तो जेथे थांबला त्याहून थोडा जास्त, शंभरास एकशेदहा असा, भार एकदम द्यायचा आणि जमेल तितके ओढू द्यायचे. दोन्ही खेपांचा प्राणवायूचा आकडा जुळला तर छत खरे. दुसरा वर गेला तर पहिले "बस्स" लवकरचे होते. स्पेनमधल्या तोलेदो येथील अभ्यासकांनी 2020 साली लठ्ठ आणि सिंड्रोमग्रस्त माणसांवर हे करून पाहिले, आणि अनेकांचा दुसरा आकडा पहिल्याहून वर गेला. म्हणजे त्यांना आपला दम ठाऊकच नव्हता, आणि दुसरी खेप झाली नसती तर कागदालाही तो कधी कळला नसता.

राहता राहिले औंधचे नमस्कार. त्यांच्याही वाट्याला मुखवटा आलाच. दिल्लीच्या संरक्षण संशोधन खात्यातील शरीरशास्त्रज्ञांनी 2004 साली जवानांवर मोजले: एक नमस्कार संथपणे, 3 मिनिटे 40 सेकंदांत घातला, एकूण खर्च 13.91 किलोकॅलरी. सर्वांत जास्त प्राणवायू आठव्या स्थितीत, मिनिटाला 1.22 लिटर. 2011 साली छापलेल्या एका छोट्या पाहणीत, सहाच माणसांच्या, नमस्कारांच्या फेऱ्या लागोपाठ झाल्या तेव्हा नाडी आपल्या टोकाच्या शेकडा नव्वदपर्यंत पोहोचली. राजेसाहेबांच्या वहीत हे दोन्ही नमस्कार एकाच रकान्यात बसले असते. तरीही त्यांच्यावर रागावता येत नाही. पट्टा, मुखवटा, वायूंचे पृथक्करण हे सगळे आजही पुण्या-मुंबईचे. आटपाडीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला आपल्या रुग्णाचा दम पाहायचा तर व्हरांड्यात सहा मिनिटे चालवून किती अंतर कापले ते मोजणे, एवढेच बहुधा हाताशी असते. ती रीतही वाईट नाही, आणि तीही दोनदा करावी असे जाणकार सांगतात. पहिल्या वेळी माणूस जपून चालतो.

माझी दुसरी खेप व्हायची आहे. आमराईत सकाळी फिरायला जातो तेव्हा मध्येच चार मिनिटे जोरात चालून पाहतो. बाकावरची मंडळी कोणाची गाडी चुकते आहे म्हणून विचारतात. पुण्याची तारीख खरे तर दिवाळीच्या आधीची मिळत होती. ती मीच पुढे ढकलून घेतली आहे, आणि त्याचे कारण घरच्या चकल्यांना ठाऊक आहे.